निजामी मुलुखातला शुक्रवार

एकाच शुक्रवारी दोन मातब्बर चित्रपट पडद्यावर येणार असल्याची वार्ता फुटली, की मुंबईच्या वृत्तपत्रांतून दोन नटांच्या द्वंद्वाची वर्णने सुरू होतात. कोण कोणास भारी पडेल, कोणत्या निर्मात्याने कोणाची मनधरणी केली, कोणी तारीख सोडण्यास साफ नकार दिला, एवढ्या मजकुरावर महिनाभर निभावून जाते. वस्तुतः ते द्वंद्व त्या दोन नटांत होतच नाही. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर अशा गावांतील टॉकीजच्या मागल्या बाजूस मालकाची जी लहानशी कचेरी असते, तेथे दुपारी बारा, तीन, सायंकाळी सहा आणि रात्री नऊ या चार खेळांच्या वाटणीवरून ते होते, आणि ज्या करारनाम्यांनी त्याचा निकाल लागतो त्यांवर ना नायकाची सही असते, ना प्रेक्षकाची.

हा व्यवहार समजून घ्यावयाचा तर प्रथम एक नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे, आणि तो शाळेच्या भूगोलातला नकाशा नव्हे. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे इलाखे फार पूर्वी पाडले गेले ते अद्याप त्याच नावांनी चालत आले आहेत. त्यांत मुंबई-पुणे ‘बॉम्बे’ इलाख्यात मोडतात, नागपूर-अमरावती ‘सीपी-बेरार’मध्ये, आणि नांदेड व लातूर मात्र ‘निजाम’ इलाख्यात. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे तत्कालीन पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, पुढे 1982 साली उस्मानाबादेतून लातूरचा स्वतंत्र जिल्हा निघाला. या साऱ्या घडामोडींची दखल महसूल खात्याने घेतली, पोलीस खात्याने घेतली, चित्रपटाच्या व्यापाऱ्याने मात्र घेतली नाही. त्याच्या दप्तरी मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकात गेलेले बिदर, गुलबर्गा, रायचूर हा मुलूख आजही एकच आहे. जुन्या अमदानीत परगण्याचा महसूल जसा मक्त्याने दिला जाई, म्हणजे मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी आणि रयतेकडून वसूल होईल ते आपले म्हणावे, तसाच इलाख्याचा हक्क वितरक विकत घेतो आणि मग त्या हद्दीतील टॉकीजकडून आपली वसुली करतो.

यातून निघणारा परिणाम मोठा विलक्षण आहे. एकाच दिवशी लागणाऱ्या दोन हिंदी चित्रपटांचे हक्क पुण्यात ज्यांच्याकडे असतात त्यांच्याकडेच ते नांदेडात असतील असे नाही. पुण्यातील वाटाघाटी एक, नांदेडातील दुसऱ्या. मराठी चित्रपटाला तर हा इलाखाच लागू नाही. त्याचे वितरण महाराष्ट्राच्या हद्दीनुसार मुंबई-पुण्याहून होते. म्हणजे लातूरच्या टॉकीजमालकाकडे एकाच शुक्रवारसाठी एक मागणी हैदराबादच्या बाजूने आणि दुसरी पुण्याच्या बाजूने येऊ शकते, आणि त्या दोघांचा एकमेकांशी कसलाही संबंध नसतो. ज्या प्रदेशाच्या इतिहासात या दोन दिशांची ओढाताण इतकी भरलेली आहे, तेथील सिनेमाचा धंदाही तीतून सुटलेला नाही, हे पाहून गंमत वाटते.

आता पूर्वी काय होत असे ते पाहू. चित्रपट फितीवर होता त्या काळी पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला नव्वद फूट या गतीने यंत्रातून जाई. तीन तासांच्या चित्रपटाची फीत त्या हिशेबाने सोळा हजार दोनशे फूट होते, ती अनेक रिळांत विभागलेली असे, आणि ती रिळे पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेच्या पार्सलने गावोगाव हिंडत. नांदेडला काचीगुडा-मनमाड ही मीटरगेज लाईन होती. लातूरच्या वाट्याला अडीच फूट रुंदीची बार्शी लाईट रेल्वे आली होती. फितीची एकेक प्रत महाग, म्हणून प्रती मोजक्या. त्या आधी हैदराबाद-सिकंदराबादेत लागत, तेथे पुरता दम काढून झाला म्हणजे जिल्ह्याच्या गावी येत आणि तेथून तालुक्याला जात. पडद्यावर पावसाच्या सरींसारख्या उभ्या रेघा दिसू लागल्या की प्रत बरेच गाव फिरून आली आहे हे तिसऱ्या वर्गातल्या प्रेक्षकालाही कळत असे.

या विलंबाला त्या वेळी सर्वांनी नावे ठेवली. तथापि टॉकीजमालकाच्या दृष्टीने तो विलंब हेच एक भांडवल होते. 22 जून 1990 रोजी आमिर खानचा ‘दिल’ आणि सनी देओलचा ‘घायल’ हे दोन चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. महानगरांतील प्रदर्शकांना त्यांतून डोळे मिटून निवड करावी लागली, आणि ज्याने जो निवडला त्याचे भले झाले, कारण दोन्ही चित्रपट जोरात चालले. परंतु प्रत उशिरा मिळणाऱ्या गावातील प्रदर्शकाला डोळे मिटण्याची गरजच नव्हती. तो निकाल ऐकून मग बोलणी करी. एक चित्रपट आधी आणि दुसरा त्यामागून लावून दोघांचेही पैसे गाठीस बांधी. एकाच दिवशी दोन चित्रपट येणे ही राजधानीतली भानगड होती, जिल्ह्यापर्यंत येता येता तिचा दंश उतरलेला असे.

15 जून 2001 रोजी तेच दोन नट पुन्हा समोरासमोर आले: आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’ आणि अनिल शर्मा यांचा ‘गदर’. या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातला एक साधा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. ‘लगान’ची लांबी 224 मिनिटे होती. मध्यंतराची पंधरा मिनिटे आणि प्रेक्षक बाहेर काढून, झाडू मारून, पुन्हा आत सोडण्याचा वेळ मिळविला म्हणजे एका खेळास चार तासांहून अधिक लागतात, आणि बारा-तीन-सहा-नऊ ही वर्षानुवर्षांची घडी पार मोडते. दुपारी बाराला आरंभ केला तर मध्यरात्रीपर्यंत जेमतेम तीन खेळ बसणार. चौथा हवा तर सकाळी आठ-नऊलाच पडदा उघडला पाहिजे, आणि जिल्ह्याच्या गावी कामाच्या दिवशी त्या वेळी चित्रपटाला येणार कोण? ‘गदर’ तीन तासांच्या आसपासचा असल्याने थोड्या ओढाताणीने चार खेळांत बसतो. सहाशे खुर्च्यांची टॉकीज धरा. आठवड्यास अठ्ठावीस खेळ म्हणजे सोळा हजार आठशे तिकिटे. एकवीस खेळ म्हणजे बारा हजार सहाशे. दोन्ही चित्रपटांना तुडुंब गर्दी झाली असती तरी एका आठवड्यात बेचाळीसशे तिकिटांचा फरक केवळ घड्याळाने पाडला असता. ‘लगान’ पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला आणि ‘गदर’ने तिकीटबारीवर विक्रम केले, गुणदोषांचा वाद रसिकांनी खुशाल करावा, पण एकपडदा टॉकीजच्या कचेरीत त्या वादापूर्वी मिनिटे मोजली जातात.

यानंतर थोड्याच वर्षांत खरी क्रांती झाली. 2005 च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट थेट प्रक्षेपकापर्यंत पोहोचविण्याची सोय भारतात आली, पेट्या गेल्या, रिळे गेली, आणि जो चित्रपट मुंबईत शुक्रवारी सकाळी लागतो तोच त्याच घटकेस देगलूरला लागू लागला. प्रेक्षकांस याचा निःसंशय लाभ झाला. चित्रपट रौप्यमहोत्सवापर्यंत रेंगाळण्याचे दिवस संपून त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा पहिल्या तीन दिवसांतच गोळा होऊ लागला, कारण सर्वत्र एकदम लागलेला चित्रपट सर्वत्र एकदमच शिळाही होतो. जो जुगार पूर्वी राजधानीत खेळला जाई तो अशा रीतीने जिल्ह्यात आला. निकाल ऐकून मग बोलणी करण्याची सवड टॉकीजमालकाला उरली नाही. दोन चित्रपटांपैकी कोणता चालेल याचा निर्णय त्याला आता मुंबईच्याच दिवशी, मुंबईइतक्याच अज्ञानात, पण मुंबईच्या मानाने फारच थोड्या पडद्यांवर घ्यावा लागतो. पाच पडद्यांच्या मल्टिप्लेक्सने दोन पडदे एकाला आणि दोन दुसऱ्याला दिले तरी एक हाती उरतो. एकच पडदा असलेल्याने काय वाटावे?

तो खेळ वाटू शकतो, असे कोणी म्हणेल. दोन याला, दोन त्याला. परंतु मोठ्या चित्रपटाचा वितरक येथेच आडवा येतो. चारही खेळ द्यायचे असतील तर चित्रपट घ्या, नाहीतर राहू द्या, ही त्याची अट असते. आणि व्यवहार ‘मिनिमम गॅरंटी’चा असेल, म्हणजे विक्री कितीही होवो टॉकीजने ठराविक रक्कम देण्याचे पत्करले असेल, तर अर्ध्या खेळांत ती रक्कम निघणार कशी, ही प्रदर्शकाचीही विवंचना असते. मल्टिप्लेक्सशी वितरकाचा हिशेब टक्केवारीने चालतो. 2009 साली एप्रिलपासून दोन महिने निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे हिंदी चित्रपट दिले नाहीत, आणि त्या झगड्याच्या तडजोडीत पहिल्या आठवड्यास पन्नास, दुसऱ्यास साडेबेचाळीस, तिसऱ्यास साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के असा निर्मात्या-वितरकांचा हिस्सा ठरला. पन्नास टक्के पहिल्याच आठवड्यात मिळणार, मग ओसरणार. तेव्हा पहिल्या आठवड्यात अधिकाधिक पडदे आणि खेळ अडवून ठेवण्याचा आग्रह का धरला जातो, हे या आकड्यांवरून सहज ध्यानी यावे.

हा आग्रह किती दूर जाऊ शकतो याचा दाखला सरकारी दप्तरीच आहे. 2012 च्या दिवाळीत, 13 नोव्हेंबरला, यशराज फिल्म्सचा ‘जब तक है जान’ आणि अजय देवगणचा ‘सन ऑफ सरदार’ एकत्र येणार होते. देवगण यांच्या कंपनीने भारतीय स्पर्धा आयोगाकडे अशी तक्रार केली, की त्याच वर्षी 15 ऑगस्टला लागलेला सलमान खानचा ‘एक था टायगर’ देताना यशराजने एकपडदा चित्रपटगृहांना दिवाळीचा आपला चित्रपटही लावण्याची अट घातली, आणि त्यामुळे दिवाळी येण्यापूर्वीच पडदे अडकून पडले. आयोगाने प्रथमदर्शनी तथ्य नसल्याचे म्हणून प्रकरण निकालात काढले. यशराजचे बाजारावर प्रभुत्व असल्याचे आयोगास दिसले नाही. कायद्याच्या अंगाने तो निर्णय बरोबर असेलही. पण ईदच्या तोंडावर सलमानचा चित्रपट नाकारण्याची प्राज्ञा एखाद्या एकपडदा मालकात होती काय, हा प्रश्न कायद्याचा नसून व्यवहाराचा आहे, आणि नांदेडसारख्या ज्या शहरात मुसलमान वस्ती मोठी, तेथे त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

असो. हे झाले दोन बलिष्ठांचे. या झटापटीत खरा बळी जातो तो बहुधा तिसऱ्याचा, आणि महाराष्ट्रात तो तिसरा म्हणजे मराठी चित्रपट. गोष्ट जुनी आहे. 1971 साली दादरच्या कोहिनूर टॉकीजने देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली आणि बाळासाहेब ठाकऱ्यांच्या मध्यस्थीने ती मिळाली, हा किस्सा महाराष्ट्रात इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्याची आता दंतकथा झाली आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट सायंकाळी सहा ते नऊच्या वेळात दाखविण्याची सक्ती जाहीर केली आणि वादंग माजल्यावर तीच वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस केली. दुपारी बाराचा रिकामा खेळही मग हुकमाची तामिली म्हणून चालला. 22 डिसेंबर 2017 रोजी ‘टायगर जिंदा है’समोर ‘देवा’ला, आणि 2018 च्या दिवाळीत ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’समोर ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ला पडदे मिळावेत म्हणून राजकीय पक्षांना आवाज चढवावा लागला. त्यांतील दुसऱ्या प्रकरणात हिंदी चित्रपट आठवड्यातच कोसळला हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मराठी चित्रपट या समोरासमोरच्या सामन्यात हरतोच असे मात्र मुळीच नाही, आणि याची दोन उदाहरणे आमच्या मुलुखाशी निगडित आहेत. लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांचा नायक म्हणून पहिला मराठी चित्रपट ‘लय भारी’ 11 जुलै 2014 रोजी लागला. त्याच शुक्रवारी करण जोहर यांच्या निर्मितीसंस्थेचा ‘हम्प्टी शर्मा की दुल्हनिया’ही आला. निशिकांत कामत दिग्दर्शित ‘लय भारी’त पंढरपूर होते, माऊली होती, आणि आषाढी एकादशी नुकतीच त्या आठवड्यात पार पडलेली, हिंदी चित्रपटाच्या पंचांगात ज्या तिथीला काडीचीही किंमत नाही ती या चित्रपटाने बरोबर साधली, आणि तो उत्तम चालला.

दुसरे उदाहरण अधिक विस्मयकारक आहे. 29 एप्रिल 2016 रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आणि टायगर श्रॉफचा ‘बागी’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. त्या उन्हाळ्यात लातूरची स्थिती काय होती हे आठवावे. शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चपासूनच पाण्याच्या टाक्यांच्या आणि विहिरींच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 अन्वये जमावबंदी जारी केली होती. 12 एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ या पहिल्या रेल्वेने पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर गाठले होते, आणि ती गाडी धावत होती त्याच मार्गाने, ज्यावर एकेकाळी अडीच फुटी बार्शी लाईट रेल्वे चालत असे. अशा महाराष्ट्रात, जेथे कित्येक गावांत टँकरच्या वाटेकडे डोळे लागलेले, कोणताही प्रसिद्ध नट नसलेला 174 मिनिटांचा चित्रपट इतका चालला की मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोवरचे सारे आकडे मागे पडले. ‘बागी’ देशभर चांगलाच चालला; पण महाराष्ट्राच्या ग्रामीण टॉकीजमधून ‘सैराट’चे खेळ दिवसागणिक वाढविले गेले ते कोणाच्या हुकमाने नव्हे, तिकीटबारीच्या रेट्याने. शहाणे वितरक दुष्काळात चित्रपट लावू नये म्हणतात. त्यांचे शहाणपण त्या वर्षी कोठे गेले कोण जाणे.

मग हे निर्माते एकमेकांस टाळीत का नाहीत? कारण चांगल्या तारखा थोड्या आहेत असे सर्वांस वाटते: दिवाळी, ईद, नाताळ, प्रजासत्ताकदिन, स्वातंत्र्यदिन. दोन-दोन वर्षे आधी तारीख जाहीर करून ती अडविण्याचा प्रघात पडला आहे, आणि दोघांनी तीच अडविली की आधी कोण हटतो याची वाट पाहण्यात दोघेही हटत नाहीत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिरान आइनाव या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील तिकीटविक्री तपासून असे दाखविले, की सणासुदीच्या दिवसांत प्रेक्षकांची मूळ ओढ जितकी वाढते असे आकड्यांवरून भासते तितकी ती वाढत नाही. मोठे चित्रपट त्याच दिवसांत कोंबले जातात म्हणूनच विक्रीचा तो डोंगर दिसतो. मराठवाड्यास हे अधिकच लागू आहे. येथे दिवाळीला माणसाच्या हाती पैसा असतो तो सोयाबीन निघून लातूरच्या आडतीवर गेलेले असते म्हणून; पाऊस लांबला, भाव पडला, तर दिवाळी पंचांगात असते, खिशात नसते. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत लातूर व नांदेडच्या शिकवणी वर्गांतील हजारो मुले परीक्षेच्या दावणीला बांधलेली असतात. कोणताही मुंबईकर निर्माता तारीख ठरविताना हे विचारात घेत नसावा.

नांदेडला आणखी एक पंचांग आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांची हद्द तेलंगणास भिडलेली असून तेलुगू बोलणारा, तेलुगू चित्रपट आवडीने पाहणारा वर्ग येथे जुना आहे. त्या भाषेत संक्रांत हा मोठ्या सामन्याचा सण. 2023 च्या संक्रांतीला बालकृष्ण यांचा ‘वीरसिंहा रेड्डी’ 12 जानेवारीस आणि चिरंजीवी यांचा ‘वाल्तेर वीरय्या’ 13 जानेवारीस आला, आणि दोन्हींची निर्माती एकच संस्था, मैत्री मूव्ही मेकर्स. स्वतःशीच स्पर्धा करणारा व्यापारी विरळाच म्हणावयाचा. 14 ऑगस्ट 2025 रोजी ‘वॉर 2’ आणि रजनीकांतचा ‘कुली’ एकत्र लागले तेव्हा तर एकात हृतिकसमोर तेलुगू नट ज्युनियर एनटीआर आणि दुसऱ्यात मूळचा मराठी गायकवाड कुळातला तमिळ नट, अशी खिचडी होती, आणि निजाम इलाख्याइतकी ती दुसऱ्या कोणत्या मुलुखाला शोभली असेल असे वाटत नाही.

दोन्ही चित्रपट एकमेकांस पूरक ठरल्याचा जगप्रसिद्ध दाखला म्हणून 21 जुलै 2023 चे ‘बार्बी’ आणि ‘ओपेनहायमर’ दाखविले जातात. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत एकाने सोळा कोटींहून अधिक आणि दुसऱ्याने आठ कोटींहून अधिक डॉलर मिळविले, आणि पुष्कळांनी एकाच दिवशी दोन्ही पाहिले. ती मौज अनेक पडद्यांच्या गावाची आहे. एका पडद्यावर दोन चित्रपट एकमेकांस पूरक होत नाहीत. एक असतो तेव्हा दुसरा नसतो.

शेवटी वाचकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. टॉकीजशी झालेल्या करारात ‘होल्डओव्हर’ नावाची एक रक्कम असते. आठवड्याची विक्री तिच्याखाली गेली की चित्रपट उतरविण्याची मुभा प्रदर्शकास मिळते, आणि तशी ती जाणार की नाही याचा अदमास शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांच्या विक्रीच्या कागदावरून रविवारी रात्रीच बांधला जातो. सोमवारी सहाचा खेळ कोणाला आणि बाराचा कोणाला, हे त्या कागदावर ठरते. तेव्हा मोठ्या हिंदी चित्रपटांच्या धामधुमीत एखादा मराठी चित्रपट आपल्या गावी लागला असेल आणि तो पाहण्याची मनापासून इच्छा असेल, तर पुढच्या आठवड्यात सवडीने जाऊ म्हणू नका. रविवारच्या आत तिकीट काढा.